चूल कुणी पेटवली?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मुंगळ्या,

ख्यालीखुशाली नंतर विचारते, आधी काम सांगते. फोन केला की तू "बघू" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागतं.

पपांना घेऊन मी तलावाकाठच्या गावी आले आहे. तुझ्याकडून बसने दीड तासावर. म्हणून तू यावंस असं मी म्हणत नाही. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. फक्त तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारायला या भागात दुसरं कुणी नाही.

आधी कारण सांगते. पपांच्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला आणि ते असे खंगले, की चपलेतून पाऊल निसटायला लागलं. सर्जन म्हणाले, अंगावर थोडं मांस चढू दे, मग टेबलावर घेतो, आत्ता घेतलं तर झडप नवी बसेल आणि माणूस जाईल. डिसेंबरच्या मध्यावर पुन्हा वजन करायचं आहे. तोवर मोकळ्या हवेत न्या, भूक लागू दे, खाऊ घाला. इतकं सोपं औषध कुणाला मिळतं? पण पपांना खाऊ घालणं हे सोपं काम नाही, ते तुला मी कशाला सांगू.

मी समुद्राकाठचं गाव सुचवलं होतं. तिथे आपली माणसं आहेत, कोशेर खानावळ आहे, बाईचा स्वभाव तिखट असला तरी स्वयंपाकघर चोख आहे. पपांनी मान हलवली. इथेच जायचं. हवा चांगली आहे म्हणे. ते इथे जन्मात आलेले नाहीत, तेव्हा हवा चाखली कुणी, हे विचारायचं राहून गेलं.

हंगाम संपलेला. पायांनी चालवायच्या बोटी काठावर उलट्या टाकून ठेवल्या आहेत. फोटोवाल्याने काचेला कागद लावला आहे. आमच्या हॉटेलात आम्ही दोघं आणि एक मधुचंद्राचं जोडपं, जे बाहेर पडत नाही. मॅनेजरला मी पहिल्याच दिवशी समजावलं, की आम्हाला आमच्या ज्यू धर्माच्या नियमांतलं, कोशेर जेवण लागतं. म्हणजे शाकाहारी, असं तो आनंदाने म्हणाला. तसं नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मग मी सगळं सांगितलं. मांस आपल्या माणसाने आपल्या पद्धतीने कापलेलं हवं, ते इथे मिळणार नाही, म्हणून तो विषयच सोडा. मासा चालेल, पण खवल्यांचा. भांडी आमची. दूध आणि मांस यांची गाठ पडू द्यायची नाही. आणि शिजवणारा कुणीही असो, चूल पेटवणारा आमच्यातला हवा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, फळं चालतात का.

फळं चालतात. पण फळांवर झडप बसत नाही.

शेवटी आचारी मदतीला आला. पोटाने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा माणूस आहे. त्याने मागच्या बाजूची एक शेगडी आमच्या नावाने सोडून दिली. रोज सकाळी पायऱ्या उतरून मी तळघरातल्या स्वयंपाकघरात जाते, काडी ओढते, शेगडी पेटवते, घरून आणलेलं छोटं पातेलं चढवते आणि बाजूला होते. पुढचं तो बघतो. पपांना त्या पायऱ्या डॉक्टरांनी बंद केल्या आहेत. ते वर ताटासमोर बसतात आणि घास घेण्याआधी विचारतात, "चूल कुणी पेटवली?" गॅसची शेगडी आहे, पण त्यांच्यासाठी ती चूलच.

"मी," असं मी सांगते. मग ते जेवतात. दोन वेळा, रोज, जणू मधल्या वेळात मी बदलणार आहे.

तर काम असं. तुझ्या गावात आपली चार घरं आहेत आणि त्यांच्यासाठी माल मागवणारं एक दुकान आहे, एवढं मला ठाऊक आहे. कोशेर शिक्क्याचे डबे, चीज, काहीही जे पाकीटबंद असेल. आणि एक मोठं पातेलं, कोरं. पैसे मी पाठवीन. तू स्वतः आत जायला नको, कुणाला तरी पाठव.

तुझी ताई


सोमवार, १० नोव्हेंबर

मुंगळ्या,

तुझं कार्ड मिळालं. "बघतो." पूर्वी "बघू" होतं, आता "बघतो" आहे. नऊ वर्षांत एवढी प्रगती पुष्कळ झाली.

काल इथे माशाचं महाभारत झालं ते ऐक. बटाटे, अंडी आणि गाजरं यांवर पपांचा चेहरा उतरायला लागला होता. आचाऱ्याला त्यांची दया आली. तो पहाटे बोटवाल्याकडे गेला आणि तलावातला चांगला ताजा मासा घेऊन आला. खवल्यांचाच होता, त्याची शपथ घेतो तो. आणि मग पाहुण्याला त्रास नको म्हणून त्याने तो असा सुरेख साफ केला, की त्यावर काही म्हणजे काही ठेवलं नाही. कातडं गेलं, डोकं गेलं, शेपूट गेलं. पांढरेशुभ्र तुकडे बशीत मांडून तो माझी वाट बघत उभा होता, शाबासकीसाठी.

मी विमा कंपनीत दावे तपासते. कुणाचंही बोलणं खरं धरायचं नाही, याचाच मला पगार मिळतो. तरीसुद्धा त्या माणसाकडे बघून मला वाटलं, की घ्यावा हा मासा आणि गप्प बसावं. पण विचारणारे पपा होते. बशी वर नेली. त्यांनी चष्मा लावला, तुकडा उलटा केला, सुलटा केला.

"खवले कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

आचारी म्हणाला की होते, आता कचऱ्यात आहेत. पपा म्हणाले, तू खोटं बोलतोस असं मी म्हणत नाही, पण मी पाहिले नाहीत. आचाऱ्याने बशी उचलली आणि खाली गेला. मधुचंद्रवाल्यांना काल अचानक मासा मिळाला, तो आमचा.

मला पपांचा राग आला आणि आचाऱ्याचं वाईट वाटलं, हे तुलाच लिहिते. आज तो पुन्हा मासा घेऊन आला. या वेळी तो थेट वर आला, ओला, अख्खा, टेबलावर वर्तमानपत्र पसरून. पपांनी नखाने एक खवला सोडवला, उजेडात धरला आणि म्हणाले, "आता कसं." दोघं असे हसले, जणू शाळेतले मित्र. पपा अर्धा मासा जेवले. अर्धा, म्हणजे गेल्या महिन्याच्या मानाने मेजवानीच.

पण पातेलं लहान पडतं. तू बघतो म्हणालास, तर बघ.

ताई


शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपारी

मुंगळ्या,

बसच्या कंडक्टरने पार्सल हॉटेलात आणून दिलं. गाठ तुझ्या बायकोने मारली असणार. तुला लहानपणी बुटाचीसुद्धा गाठ मारता येत नव्हती. तिला सांग, सोडवताना माझी दोन नखं गेली आणि मला ती आवडली.

बावीस डबे, चीज, बिस्किटं, सगळ्यांवर शिक्का. म्हणजे तू स्वतः गेलास दुकानात. दुसऱ्या कुणाला हे इतकं बरोबर निवडता आलं नसतं. त्या दुकानात ती चार घरं तुझ्याकडे कशी बघत असतील याची मला कल्पना आहे. एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

पातेलं पाहून मात्र मी हात टेकले. मी पातेलं मागितलं होतं, तू तोफ पाठवलीस. जाड बुडाचं, दोन्ही बाजूंना पक्के कान. असं पातेलं घरगुती माणूस घेत नाही. पपांनी विचारलं कुठून आलं. मी म्हटलं, दुकानातून मागवलं. हे खोटं नाही. त्यांनी ते उपडं केलं, बुडावर बोटाची गाठ वाजवून आवाज ऐकला आणि म्हणाले, दुकानदाराला भांड्यातलं कळतं.

एवढंच.

नवं भांडं वापरायच्या आधी वाहत्या किंवा नैसर्गिक साठ्याच्या पाण्यात बुडवून घ्यायचं, ते तू विसरला नसशील. आई आपल्याला नदीवर न्यायची आणि तू एकदा झाकण सोडून दिलं होतंस. इथे तलाव समोरच. पपा वर बाकावर बसून देखरेख करत होते आणि मी या वयात साडी खोचून गुडघाभर पाण्यात. कानाला धरलं तर कानाखालचा भाग कोरडा राहतो, म्हणून हात ढिले कर, असं ते वरून ओरडत होते. हात ढिले केले तर तोफ तळाशी जाईल, असं मी खालून. बोटवाला धावत आला. त्याला वाटलं माझा काही दागिना पडला. सगळं सांगितल्यावर त्याने डोकं खाजवलं, चपला काढल्या आणि पाण्यात उतरून पातेलं खालून तोलून धरायला लागला. पपांनी वरून मंत्र म्हटला. मधुचंद्राचं जोडपं प्रथमच गॅलरीत आलं.

पपा हसले. आई गेल्यापासून इतके हसलेले मी पाहिले नव्हते. नंतर खोकला आला आणि आम्ही घाबरलो, पण हसले हे खरं.

आता थांबते. उद्या शनिवार, शब्बाथ, चूल पेटवायची नाही, तेव्हा सूर्य मावळायच्या आत उद्याचं शिजवून ठेवायला हवं.

ताई


मंगळवार, १८ नोव्हेंबर

मुंगळ्या,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणावं एवढं लांब, चक्क अर्धं पान. त्यात तू एकच प्रश्न विचारला आहेस. मी आलो तर ते माझ्या हातचं खातील का?

मला माहीत नाही. माहीत आहे असं लिहून तुला बोलावून घेणं मला जमलं असतं, पण तसं केलं तर तू मला आणि मी स्वतःला माफ करणार नाही.

त्या दिवशी मीही होते. तू उपाहारगृह नवं उघडलं होतंस. सगळ्या प्रकारचं मांस, आठवड्याचे सातही दिवस. पपा आले हेच मला नवल वाटलं होतं. तू त्यांच्यासाठी कोरं पातेलं, कोरी बशी, कोरा पेला आणलास, स्वतः मासा निवडलास, स्वतः चूल पेटवलीस, घाम पुसत समोर उभा राहिलास. त्यांनी विचारलं, चूल कुणी पेटवली. तू छाती काढून म्हणालास, मी. आणि ते म्हणाले, "शनिवारी जो चूल पेटवतो, त्याने रविवारी पेटवलेली चूल मला चालत नाही."

शब्द जसेच्या तसे आहेत. तू विसरला नाहीस आणि तेही विसरलेले नाहीत. त्यानंतर तू म्हणालास, माझ्या हातचं चालेल त्या दिवशी मला बोलवा. तेव्हापासून हे घोंगडं भिजत पडलं आहे. ते नियम मोडत नाहीत, तू शब्द मोडत नाहीस. एकाच मातीचे दोघं, आणि मधल्या मध्ये माझी बोटं भाजतात.

तब्येतीचं लिहिते. इथल्या दवाखान्यात काल वजन केलं. काटा किंचित वर सरकला आहे. पायावरची सूज कमी आहे. संध्याकाळी फिरून येतात. फिरतात कसलं, हॉटेलच्या फाटकापासून बसथांब्यासमोरच्या बाकापर्यंत जातात आणि बसतात. तलावाकडे पाठ करून. मी म्हटलं, लोक इतक्या लांबून तलाव बघायला येतात. ते म्हणाले, तलाव काय, जागेवरच आहे.

हात मात्र फार थरथरतात. घरी मागच्या महिन्यात दिवा लावायला गेले आणि बाही पेटली. तेव्हापासून काडेपेटी मी त्यांच्यापासून लपवते. ते माझ्याकडे मागत नाहीत. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

ताई


रविवार, २३ नोव्हेंबर, बसथांबा

मुंगळ्या,

बस यायची आहे तेवढ्यात लिहिते. तुझ्या भाचीला दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या आहेत. जावई परदेशात, सासू आजारी. मला जायलाच हवं. पपांना सोबत नेलं तर इथे कमावलेलं सगळं प्रवासात जाईल. तेच म्हणाले, तू जा, मी लहान आहे का.

चुलीचं मी असं केलं आहे. मी लावलेल्या ज्योतीवरून पेटवलेली चूल चालते, हे पपांनीच सांगितलं. म्हणून स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात एक तेलाचा दिवा लावून ठेवला. आचारी त्यात तेल घालत राहील आणि त्यावरूनच आमची शेगडी पेटवेल. डोळ्यांत तेल घालून सांभाळीन म्हणाला, आधी दिव्यात घालायचं सोडून.

मी बाई आहे, मला सगळ्याच्या वाईट बाजू आधी दिसतात. दिवा विझला तर? खोलीत शेगडी लावायला मालकाची मनाई, पायऱ्या डॉक्टरांना नामंजूर, हात असे. मी आचाऱ्याला म्हटलं, काही झालं तरी जेवण थांबू देऊ नका. तो म्हणाला, ते माझ्या हातात आहे का, बाई? ते काकांच्या हातात आहे.

बस आली.

ताई


रविवार, ३० नोव्हेंबर

मुंगळ्या,

मुलगी झाली. लहान आहे, पण आवाज खणखणीत आहे. भाची बरी आहे. तिच्या सासूबाई आता बऱ्या आहेत, त्यांना तिच्यापाशी बसवून मी शुक्रवारी इथे परत आले.

तुझं कार्ड माझ्या आधी येऊन पडलं होतं. "मी बुधवारी आलो होतो हे त्यांना सांगू नकोस. जेवले तेवढं पुरे." वाचलं. आता माझं ऐक, कारण तू खाली होतास आणि गोष्ट वर घडली. मला आचाऱ्याने सांगितलं आणि दोनदा सांगितलं, एकदा रडत आणि एकदा न रडता. दोन्ही वेळा तपशील जुळले, म्हणून मी ते खरं धरते.

मंगळवारी सकाळी त्याने धूर काढायचा पंखा लावला आणि दिवा विझला. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. त्याने काडी ओढून दिवा पुन्हा लावला असता, तर कुणाला ताकास तूर लागली नसती. तो म्हणतो की माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. मग खवल्यांचं आठवलं. त्याने दिवा उचलला, काडेपेटी घेतली आणि वर पपांकडे गेला.

त्यांनी व्हरांड्यात बसून काडी ओढली. मोडली. दुसरी मोडली. पुढची पेटली, पण वातीपर्यंत पोचायच्या आत हाताच्या थरथरीने विझली. त्यांनी आणखी प्रयत्न केला नाही. काडेपेटी मिटून टेबलावर ठेवली, आचाऱ्याचे आभार मानले, सांगितलंस ते बरं केलंस म्हणाले. तो दिवस फळं, बिस्किटं आणि तुझ्या डब्यांवर गेला. रात्री फळंही नको म्हणाले.

तुझा नंबर मी फोनच्या बाजूला लिहून ठेवला होता. कुणाचा आहे ते लिहिलं नव्हतं. आचाऱ्याने बुधवारी सकाळी फिरवला, बाई सांगून गेल्या की अगदीच अडलं तर करा. तू "बघू" म्हणाला नाहीस. पुढचं तुला माहीतच आहे. तू पायऱ्या उतरलास, हात धुतलेस, काडी ओढलीस. आचारी म्हणतो, शेगडी पेटल्यावर हा माणूस बराच वेळ ज्योतीकडे नुसता बघत राहिला, मी म्हटलं गॅस फुकट जातोय. मग तू त्याला बाजूला केलंस आणि सगळं स्वतःच केलंस. बटाट्याचं सूप, मासा. वर जा म्हटलं तर कानावर हात ठेवलेस आणि पायरीवर बसून राहिलास.

आता वरचं. आचाऱ्याने ताट समोर ठेवलं. पपांनी विचारलं, "चूल कुणी पेटवली?"

तू बजावलं होतंस की सांगू नकोस, म्हणावं कोनाड्यातल्या दिव्यावरून पेटवली. तो म्हणतो, मला ते जमलं नाही, बाई. माशाच्या वेळी जमलं नव्हतं, तर आता कसं जमणार. त्याने सांगितलं, "तुमच्या मुलाने."

तुला वाटतंय की त्यांना माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं, मुंगळ्या. पहिल्या घासाच्या आधीपासून.

सुपावर साय धरायला लागली म्हणून आचाऱ्याने ते परत न्यायला हात पुढे केला. पपांनी त्याचा हात धरला. थरथरत्या हाताने, पण घट्ट धरला, असं तो म्हणतो.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, बुधवार.

"बुधवार ना?" पपा म्हणाले. "मग बुधवारी पेटवलेली चूल बुधवारचीच. ठेव इथे."

त्यांनी मंत्र म्हटला आणि जेवायला लागले. सगळं जेवले. मासा संपवला, पाव सुपात बुडवून वाटी पुसून काढली. ती रिकामी वाटी खाली आली आणि तू ती पाहिलीस, धुतलीस, पालथी ठेवलीस आणि निघून गेलास. आचारी म्हणतो, त्याला हाक मारायला माझा आवाजच निघाला नाही, आणि माझा आवाज तर तुम्हाला माहीत आहे.

संध्याकाळी पपा बाकावर गेले नाहीत. आल्यापासून पहिल्यांदाच. इथे मला माझीच लाज वाटली, धंद्याची म्हण हवं तर. तलावाकडे पाठ करून एक म्हातारा माणूस रोज संध्याकाळी बसथांब्यासमोर बसतो. तिथे तुझ्या गावाची बस थांबते. त्याला इथली हवा जन्मात न चाखता चांगली वाटली होती. हे एखाद्या दाव्याच्या फायलीत असतं, तर मी पहिल्याच वाचनात लाल खूण केली असती.

गुरुवार पुन्हा डब्यांवर गेला होता. मी शुक्रवारी आले तेव्हा शेगडी पेटवायला निघाले, तर ते म्हणाले की तू परत जा. बाळंतिणीला आईची गरज आहे, मला नाही. मी म्हटलं, आणि चुलीचं काय? पुन्हा दिवा लावून जाते, या वेळी काचेच्या आत ठेवते.

त्यांनी मान हलवली. काल शब्बाथ संपल्यावर त्यांनी मला कागद आणि पेन घेऊन बसायला सांगितलं. मला वाटलं लांबलचक काही सांगतील. मी तयारीत होते. पण ते दोनच ओळी बोलले आणि जसं सांगितलं तसंच लिही म्हणाले. आज लिहिते आहे. नऊ वर्षांत हे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मुंगळ्याला लिही, दिव्याचा भरवसा नाही. माणूस पाहिजे."

मी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, अजून आहे.

"लिही, शनिवार सोडून."

ताई